तात्यांना न कळलेलं फिजिक्स

परीक्षांचा हंगाम आला की आमच्या जिल्हा पानावर विद्यार्थ्यांना सल्ला देणारा मजकूर जातो. गेली बरीच वर्षे तो मी लिहितो. पहाटे उठा, मोबाईल दूर ठेवा, शांत जागा निवडा, वेळापत्रक पाळा, आहार हलका ठेवा. मजकूर दर वर्षी साधारण तोच असतो, फोटो बदलतो. बातमीदाराने बातमीपासून अलिप्त राहावे, असा आमच्या धंद्याचा दंडक आहे. या सल्ल्यांपुरता मी तो काटेकोर पाळला आहे.

बायको एवढेच म्हणते, "एकदा तुम्ही पण वाचून बघा."

त्या वर्षी इंदापूरची माझी भाची बारावीला फिजिक्समध्ये राहिली. बाकी विषय निघाले होते. तिला फार्मसीचा डिप्लोमा करायचा होता आणि पुढे इंदापुरात काचेच्या कपाटांचे, पंखा असलेले, स्वतःचे औषधांचे दुकान टाकायचे होते. पंख्यावर तिचा विशेष भर होता, कारण वडिलांच्या दुकानात तो कधी चालतो, कधी नाही. जुलैच्या पुरवणी परीक्षेत फिजिक्स सुटले तरच प्रवेश मिळणार होता. दुल्हेभाईंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, आपला निर्णय फोनवर मला कळवला.

"आता एकच बारी. सुटलं तर फार्मसी, न्हाय तर हितंच काउंटरवर बसू दे. मला बी माणूस लागतंयच."

मी म्हणालो, "काळजी करू नका, तिला माझ्याकडे बारामतीला पाठवा. सुटेल." कोणत्या आधारावर म्हणालो, याचा उलगडा नंतरही झाला नाही.

तिला आणायला गेलो तेव्हा ती दुकानातच होती. दुल्हेभाईंचे दुकान पाइप, फूटवॉल्व्ह आणि पाण्याच्या मोटारीच्या सामानाचे. शेजारच्या गाळ्यात जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतात. मोटार भरून होईपर्यंत शेतकरी दुल्हेभाईंच्या बाकावर बसून राहतात. त्यात निरवांगीचे एक तात्या होते. त्यांची मोटार वारंवार जळे, त्यामुळे ते जवळपास दुकानातलेच झाले होते. समोरच्या रस्त्यावरून ट्रक जात होते, एक जण वॉशर मागत होता, आणि भाची एका हाताने वॉशर शोधत दुसऱ्या हातात पुस्तक धरून तात्यांना काहीतरी सांगत होती.

"न्हाय कळलं," तात्या म्हणाले.

"तात्या, तिसऱ्यांदा सांगतेय!"

"मग चवथ्यांदा सांग. माझी मोटार काय अजून भरली न्हाय."

मी दुल्हेभाईंना बाजूला घेतले आणि म्हणालो, "हे अभ्यासाचे वातावरण नाही." हे वाक्य माझ्याच लेखातले होते, पण त्यांनी लेख वाचला नसल्याने ते ताजे वाटले.

बारामतीत मी तिला मागची खोली दिली. वेळापत्रक भिंतीला लावले. मोबाईल काढून घेऊन कपाटात ठेवला. माझा मोबाईल कामासाठी लागतो. त्या आठवड्यात विहिरीत पडलेल्या बिबट्याला बाहेर काढतानाचा व्हिडिओ मी कामासाठी अनेकदा पाहिला. जेवायला मुगाची खिचडी ठरली. तिने ती मुकाट्याने खाल्ली. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून कामाच्या निमित्ताने बाहेर जेवू लागलो. पहाटे उठण्याचे कलम तिने पाळले. दुल्हेभाई फजरच्या नमाजाला उठतात, त्यामुळे ते तिच्या अंगवळणीच होते. मी उठायचो तेव्हा तिची उजळणी संपलेली असे.

खोलीत शांतता होती. इतकी, की तिला दुपारी झोप लागायची. मी दार ढकलून पाहायचो आणि ती दचकून पान उलटायची.

मग मी एक सुधारणा केली. वाचलेले दुसऱ्याला समजावून सांगावे, असेही मी लिहिलेले होते. संध्याकाळी कार्यालयातून आलो की ती समोर बसे आणि सांगे.

"मामू, ट्रान्सफॉर्मर म्युच्युअल इंडक्शनवर चालतो. प्रायमरी कॉइलमधला करंट बदलला की सेकंडरीत ईएमएफ तयार होतो."

"बरोबर," मी म्हणायचो.

मी कला शाखेचा. त्यातला "की" तेवढा मला कळला होता. पण गेली अनेक वर्षे जिल्ह्यातल्या मुलांना अभ्यास कसा करावा हे सांगणारा माणूस भाचीपुढे "समजलं नाही" कसा म्हणणार? मी मान हलवायचो, अधूनमधून "छान" म्हणायचो, एकदा तर "हे महत्त्वाचं आहे, याखाली रेघ मार" असेही म्हणालो. तिने रेघ मारली.

परीक्षा जवळ आली तेव्हा तिला एका क्लासच्या सराव परीक्षेला बसवले. पेपर तपासून आला. ती काठावरही नव्हती. ट्रान्सफॉर्मर डीसीवर का चालत नाही, या प्रश्नाखाली तिने ट्रान्सफॉर्मरची व्याख्या सुंदर अक्षरात लिहिली होती. समासात तपासणाऱ्याचे प्रश्नचिन्ह होते.

"हे तर तू मला सांगितलं होतंस," मी म्हणालो.

"तुम्ही बरोबर म्हणालात."

"म्हणालो."

तिने पेपराची घडी घातली. "मामू, तुम्हाला सगळंच कळतं. तिकडं तात्यांना काहीच कळत नाही, म्हणून मला कळायचं."

आतून बायकोचा हसण्याचा आवाज आला. तो मी ऐकला नाही असे दाखवले. दाखवण्याची मला सवय होती.

"मला घरी सोडा," भाची म्हणाली.

मी विरोध केला. परीक्षेच्या तोंडावर जागा बदलू नये, असे कलम आहे. ती बॅग भरत होती. मी कपाटातून तिचा मोबाईल काढून दिला. तो केव्हाच बंद पडला होता.

इंदापूरला पोहोचलो तेव्हा तात्या बाकावर होते. मोटार पुन्हा जळली होती. भाचीने बॅग पाइपांच्या बंडलावर ठेवली आणि पुस्तक उघडले.

"तात्या, ट्रान्सफॉर्मर."

"म्हंजी आमची खांबावरली डीपी?"

"व्हय, तीच. आत दोन कॉइल असतात."

"एकमेकींला चिकटल्यात?"

"नाही."

"चिकटल्या न्हायत तर करंट पलीकडं जातो कसा? उडी मारतो का काय?"

तिने सांगितले. न्हाय कळलं. तिने पुठ्ठ्यावर चित्र काढले. न्हाय कळलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पाइपाचा एल्बो मागायला आले, तिने तो दिला, पैसे वडिलांकडे टाकले आणि परत आली. आता तिने पुस्तक मिटून ठेवले होते.

"तात्या, करंट पलीकडं जातच नाही. अलीकडचा करंट सारखा उलटसुलट होतो, तसं मधल्या लोखंडातलं चुंबक पण उलटसुलट होतं. ते हललं की पलीकडच्या तारेत नवा करंट उठतो."

तात्यांनी पुठ्ठा हातात घेऊन सुलटा-उलटा करून पाहिला.

"म्हंजी हलाय पायजे."

"हललंच पाहिजे."

"मग बॅटरीचा करंट तर हलत न्हाय. टॅक्टरच्या बॅटरीवर डीपी चालायची न्हाय म्हण की."

भाचीने माझ्याकडे पाहिले. पेपरातला डीसीचा तो प्रश्न मला आठवला. माझ्या तोंडून सवयीने "बरोबर" निघाले.

"तुमाला कळलं व्हय?" तात्यांनी विचारले.

"आत्ता कळलं," मी म्हणालो. फिजिक्सबद्दल मी काढलेला हा पहिलाच खरा उद्गार.

परीक्षेपर्यंत ती दुकानातच बसली. तात्यांची मोटार मध्येच भरून झाली, तरी ते येत राहिले. कधी वॉशर लागे, कधी काहीच लागत नसे. खिचडी बंद झाली. दुपारी समोरच्या गाड्यावरची भेळ येऊ लागली. माझ्या लेखातले एकही कलम तिथे पाळले जात नव्हते. मी फोन करून चौकशी करायचो आणि मागून हॉर्न ऐकायचो.

निकालाच्या दिवशी मी इंदापूरला गेलो. दुकानात नेट चालत नव्हते. भाची मोबाईल घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. दुल्हेभाई एकाच गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा सुटे पैसे देत होते. तात्या नवा फूटवॉल्व्ह मांडीवर घेऊन बसले होते आणि हलत नव्हते.

ती आत आली. तिने मोबाईल वडिलांपुढे धरला. दुल्हेभाईंनी चष्मा शोधला, तो डोळ्यांवरच होता.

"सुटलं?"

"सुटलं, अब्बा."

दुल्हेभाई खाली बसले. मग म्हणाले, "म्हंजी मला आता माणूस बघाय लागणार." आणि डोळे पुसायला त्यांनी ग्रीसचा फडका घेतला, तो तिने हातातून काढून घेतला.

"फिजिक्स माझं बी सुटलं म्हणा," तात्या म्हणाले.

पेढे आले. वातावरण अनुकूल पाहून मी तात्यांजवळ बसलो. मुलांसाठीचा माझा ताजा लेख त्यांनी नातीकडून वाचून घेतल्याचे त्यांनीच मघाशी सांगितले होते.

"कसा वाटला?"

तात्यांनी पेढा संपवला, बोटे धोतराला पुसली.

"न्हाय कळलं," ते म्हणाले. "शांत जागा निवडा म्हंजी कुठं जायाचं पोरांनी? सांगा की. मी हाय बसलेला."

मी सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला अडलो. काउंटरवरून भाची म्हणाली, "सांगा मामू, ते उठत नाहीत."