दोषाचा धनी

आमच्या खालच्या मजल्यावर एक बेकरीवाला राहतो. बेकरी त्याची नव्हे, तो तिथे भट्टीवर कामाला आहे. पण आमच्या इमारतीत माणसाला नावापेक्षा कामावरूनच ओळखतात. मी दाराशी शिलाई मशीन टाकून लोकांचे कपडे उसवते, शिवते, आणि जिन्यातलं सगळं मला ऐकू येतं. माझ्याबद्दल लोक काय म्हणतात तेही ऐकू येतं. वरच्या मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणतात. खोटं नाही ते. पण या बेकरीवाल्याची एक गोष्ट मी तोंडात धरून बसले आहे, आणि तिने मला पार कडू करून टाकलं आहे.

त्याची बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. तो रात्रभर भट्टीपुढे उभा राहून सकाळी घरी यायचा तेव्हा ती डबा घेऊन बाहेर पडत असायची. त्यांचा संसार म्हणजे जिन्यातला. "दूध तापवलंय." "धाकट्याचं नाक वाहतंय, टोपी घाला." "मोठीची अंघोळ राहिलीय." एवढं बोलून ती पळायची, कारण कारखान्याचं फाटक कुणासाठी थांबत नसे आणि मोबाईल फाटकावरच काढून घेत. मी एकदा त्याला म्हटलं, "तुम्ही दोघं जिन्यातच भेटता, मग ही दोन पोरं झाली कधी?" तो पीठ लागलेल्या भुवयांनी लाजून हसला आणि घरात गेला.

मोठी तेव्हा पाचेक वर्षांची होती. तिला तो आजीबाई म्हणायचा, आणि तेच नाव सगळ्या जिन्याने उचललं. दाराबाहेरच्या चपला जोडीने लावायच्या, धाकट्याचं तोंड पुसायचं, बापाला झापायचं. "बाबा, मोज्यांचा वास येतोय, बाहेर ठेव." तो निमूटपणे मोजे बाहेर ठेवायचा. धाकटा गुंड्या अजून दोन वर्षांचाही झाला नव्हता. गुटगुटीत, हसरा, पण त्याला झटके यायचे. डॉक्टरांनी एक पातळ औषध लावून दिलं होतं. ते रोज सकाळी द्यायचंच, चुकवायचं नाही. एकदा चुकलं होतं, तेव्हा पोराचे डोळे पांढरे झालेले मी पाहिले आहेत.

आता हे औषध द्यायचं कुणी? गुंड्या आई निघायच्या आत उठला तर आई द्यायची, नाहीतर बाप. आणि ज्या दिवशी बेकरीवाल्याला उशीर व्हायचा, त्या दिवशी जिन्यातली भेटही हुकायची. तेवढा वेळ पोरांवर कान ठेवायला मी असायचेच. पहिल्यांदा चिठ्ठ्या ठेवून पाहिल्या. आजीबाईने त्यांच्या होड्या केल्या. मग नवराबायकोने एक खूण ठरवली. औषध दिलं असलं तर बाटली वरच्या फळीवर ठेवायची, द्यायचं राहिलं असलं तर खाली ओट्यावर. सोपी, सुटसुटीत खूण. वर्षभर तिने दगा दिला नाही.

त्या दिवशी बेकरीत पीठ मळायचं यंत्र बंद पडलं आणि सगळं हाताने मळावं लागलं. तो आला तेव्हा बायको निघून गेली होती. त्याचे हात खांद्यातून उचलत नव्हते. बाटली ओट्यावर होती. त्याने गुंड्याला औषध दिलं, दूध पाजलं, त्याला कुशीत घेऊन आडवा झाला. रोजच्यासारखंच. गुंड्या झोपला की तो झोपायचा, आणि आजीबाई शेजारी बसून चित्रं काढायची.

तिनेच त्याला हलवून उठवलं. "बाबा, गुंड्या निळा झालाय."

त्याची हाक मला वर ऐकू आली. तिला हाकही म्हणवत नाही. मी खाली धावले. पोराला झोपेतच उलटी झाली होती, आणि औषधाची गुंगी इतकी की त्याला खोकून ती बाहेर टाकता आली नव्हती. मी त्याला पालथा घातला, बोटाने घसा मोकळा केला. बेकरीवाला नुसता बाटलीकडे बघत होता.

"सकाळी आईने दिलं होतं का औषध?" त्याने आजीबाईला विचारलं.

"हो. गुंड्याने थुंकलं पण नाही."

"मग बाटली खाली कुणी ठेवली?"

"मी. स्टुलावर चढून." तिला शाबासकी हवी होती, चेहऱ्यावर दिसत होतं. "तुझे हात दुखतात ना रोज. तुला वर हात करायला लागू नये म्हणून."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोटचं पोर मांडीवर निळं पडलेलं असताना त्या माणसाने दुसऱ्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं केलंस." मग गुंड्याला उचलून तो धावत सुटला. आजीबाईला मी वर घेऊन आले आणि बटणांचा डबा खेळायला दिला. मला दुसरं काही सुचलं नाही.

गुंड्या वाचला. वाचला म्हणजे काय, श्वास चालू राहिला. हवा बराच वेळ मेंदूपर्यंत पोचली नव्हती. मान सावरायला तो पुन्हा शिकू लागला, ते अजून नीट जमलेलं नाही. बोलणं तर गेलंच.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, बायकोने विचारलं, आणि त्याने दोघांनाही एकच सांगितलं. बाटली वर होती, मी झोपेच्या तारेत काढली आणि दिलं. बायको म्हणाली, "बाटली वर होती, तरी?"

"हो. वर होती."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. मी त्याला फैलावर घेतलं. बायकोला खरं सांग, म्हटलं, ती आई आहे, समजून घेईल.

"समजून घेईल, मावशी. पोरीला एका शब्दाने बोलणार नाही," तो म्हणाला. "पण बघेल. कधीतरी, नकळत, बघेल तिच्याकडे. आणि आजीबाईला बघितलेलं कळतं. तुम्ही तेवढं तोंड बंद ठेवा."

मी ठेवलं. त्याच्या बायकोने त्याला सोडलं नाही, पण धड धरलंही नाही. तिने आपल्या आईला राहायला आणलं. आता बेकरीवाला सकाळी यायचा तेव्हा सासू पोरांच्या खोलीची कडी आतून लावून घ्यायची, आणि तो बाहेरच्या खोलीत बाकड्यावर झोपायचा. गुंड्याला पाणी पाजायचं झालं तरी सासू ग्लास जावयाच्या हातातून काढून घेई. "तुम्ही राहू द्या," एवढंच म्हणे. जिन्यातलं बोलणं थांबलं. बायको त्याच्या बाजूने उतरून जायची, भिंतीला अंग चोरून. मला मशीनवरून उठून ओरडावंसं वाटायचं. जिभेवर आलेलं गिळून गिळून माझंच पोट बिघडलं.

आजीबाई विसरली. लहान पोरं विसरतात, आणि घरात सगळे एकच गोष्ट सांगत असले तर तीच आठवण होऊन बसते. सासूने सांगितलं, आईने अबोल्याने सांगितलं, आणि बापाने कधी नाही म्हटलं नाही. तिने त्याला झापायचं सोडून दिलं. नुसतं कामापुरतं बोलायची, तेही भिंतीकडे बघून.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. गुंड्याला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं असतं. सासूचे गुडघे गेले, तेव्हापासून ते काम बेकरीवाल्याकडे आलं आहे. पोर आता वजनाला चांगलंच भरलं आहे, आणि हा रात्रभर उभा राहून आलेला. जिन्यात त्याचा तोल गेला. आजीबाई दप्तर घेऊन मागून उतरत होती, आता ती उंच झाली आहे, शाळेत मोठ्या वर्गात आहे.

"जरा याचे पाय धरतेस का?" तो म्हणाला.

ती तिथेच थांबली. "दुसऱ्यांदा औषध मी दिलं होतं का?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पोरगी शांतपणे बोलत होती. "तू दिलंस. मग तूच उचल."

माझ्या दातात सुई होती. ती मी काढली, आणि तोंड उघडलं. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मी सगळं ओकून टाकणार होते. त्याने मान वर केली. तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मी सुई पुन्हा दातात धरली.

"हो, मीच दिलं," तो तिला म्हणाला. "तू जा. शाळेला उशीर होतोय."

ती त्याच्या बाजूने उतरून गेली, आईसारखीच, भिंतीला अंग चोरून. तो पायरीवर टेकला, गुंड्याचं डोकं खांद्यावर नीट घेतलं, लाळ पुसली. मी दोन पायऱ्या उतरले. म्हटलं, "अरे, अजून किती दिवस?"

तो खाली दरवाज्याकडे बघत होता, ती गेली तिकडे.

"रात्री शांत झोपते ती, मावशी," तो म्हणाला. "सासूबाई सांगत होत्या. आडवी झाली की लगेच झोपते."

आणि मग त्याने पोराला उचललं. मला त्या मुलीचा इतका राग आला होता की तिचा काही दोष नाही हे मला स्वतःला बजावून सांगावं लागलं.