सोमजाईच्या अटकेला गोमाजींची मदत

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत वसलेल्या एका वाडीचे पोलीस पाटील होते गोमाजी. त्यांच्या माथी दोन चाकऱ्या. राज्य सरकारचा पट्टा कमरेला, ग्रामदेवी सोमजाईच्या पेटाऱ्याची किल्ली गळ्यात. आणि दोन्हींवर निष्ठा सारखीच!

त्रेसष्ट साली सोन्याचा नवा कायदा आला. शिमग्याच्या पालखीला आठ दिवस उरले असताना केंद्र सरकारचे इन्स्पेक्टर धापा टाकीत डोंगर चढून आले.

"पेटाऱ्यात सोन्याचा मुखवटा आहे, त्याची नोंद नाही. उघडा!"

गोमाजींनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली. मुखवटा गेला तर पालखीत बसवायचे काय? आईविना शिमगा वाडीने कधी पाहिला नव्हता. पण सरकारला नकार तरी कोणत्या तोंडाने द्यावा?

"झडतीचा हुकूम, साहेब?"

"अहो, मी दिल्ली सरकारचा माणूस आहे!"

"दिल्ली लय मोठी हाय, साहेब. पन कागुद तिलाबी लागतोच ना?"

इन्स्पेक्टर तणतणत उतरले आणि तिसऱ्या दिवशी महाडच्या फौजदारांना घेऊन परतले. फौजदारांनी मान खाली घालून हुकूम वाचला: मुखवटा चार दिवसांत महाडच्या कचेरीत हजर करावा, पोलीस पाटलाने सर्व मदत द्यावी.

गोमाजींनी डोळे मिटले, आईला हात जोडले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"करतो मदत! पन आय पालखीबिगर उंबरा वलांडीत नाय."

"मग काढा पालखी!"

"अन् दारोदार वटी घेतल्याबिगर फुडं जात नाय."

"छे! मीच उचलून नेतो."

फौजदार खाकरले. "साहेब, हुकूम 'हजर करावा' असा आहे. 'तुम्ही उचलावा' असे त्यात कुठेच नाही."

झाले! ढोल वाजला, सनई वाजली, आरोपी आई नटूनथटून निघाली. पहिल्याच दारी रंगूबाईंनी इन्स्पेक्टरांच्या पायांवर पाणी घातले. "आयचं मानकरी ना तुमी? वाईच वाका हो सायेब, कुकू लावते." सांजेपर्यंत घरे झाली तीन, आणि साहेबांच्या कडेवर नारळ झाले सात. दुसऱ्या दिवशी पालखी महाडाकडे पाठ करून वरच्या वाडीला वळली; तिथे आईची धाकटी बहीण नांदते, तिला न भेटता गेले तर ती रुसते. तिसऱ्या दिवशी एक भोई लंगडू लागला. साहेबांनी कोणाला न विचारता दांडीखाली खांदा दिला.

चौथ्या दिवशी सूर्य मावळला, तेव्हा महाड अजून दोन खिंडी पलीकडे होते. गोमाजींनी पालखी थांबवली आणि हुकूम उलगडला.

"साहेब, मुदत सरली. आता आयला फुडं न्येनं बेकायदा हुईल. माज्या हातनं त्ये व्हायचं नाय."

फौजदारांनी गंभीरपणे मान डोलावली.

"मी नवा हुकूम आणीन!" दांडीखालून आवाज आला.

"आना, साहेब. तवाबी सगळी मदत करू."

वाडीच्या होळीला एकच रात्र उरली होती. परतीच्या वाटेवर ओटी नसते, थांबा नसतो. आई सरळ घरी जाते. पालखी वळली, आणि इन्स्पेक्टरांनी खांदा बदलला.