नमिताचा शेवटचा पेपर

न्हावा शेव्याच्या आमच्या कंटेनर यार्डात साडेतीनशे माणसं काम करतात आणि त्या सगळ्यांची गाऱ्हाणी एकाच टेबलावर येतात. ते टेबल नमिताचं. रजा, पीएफ, अपघाताचे कागद, कुणाचं सुपरवायझरशी वाजलं, सगळं तिथेच मिटतं. तिच्या पाठीमागे काचेची केबिन आहे. तिथे एचआर मॅनेजर बसतो. केबिनच्या दारावर 'माझं दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे' असं पोस्टर आहे आणि ते दार सदैव बंद असतं, कारण एसीची थंड हवा बाहेर जाते.

पाच वर्षांत त्या केबिनमध्ये तीन मॅनेजर आले. तिघांकडेही पदवी होती. हजेरीचं मशीन कुठून चालू करायचं हे तिघांनाही नमिताने शिकवलं. पहिले दोघे शिकून झाल्यावर मोठ्या कंपनीत गेले. तिसरे, इंद्रजित साहेब, जूनअखेर पुण्याला जाणार असं ठरलं तेव्हा मुख्य ऑफिसने पत्रक काढलं. मॅनेजरच्या जागेसाठी आतल्या माणसाचाही विचार होईल, पण एचआरची पदवी हवी. ते पत्रक टाइप नमितानेच केलं आणि नोटीस बोर्डावर टाचलंही तिनेच.

तिची पदवीची दोन वर्षं झालेली होती. तिसऱ्याच्या आधी लग्न झालं आणि कॉलेज अर्धवटच राहिलं. ते पुरं करायचं तिने वर्षभर आधीच मनावर घेतलं होतं. मला मात्र बोलली नाही. मी तिची कराव्यातली शेजारीण, एकाच कंपनीच्या बसने जाणारी, तिच्या बाजूच्या टेबलावर बिलं करणारी. पण मी एकदा बसमध्ये म्हणाले होते, "या वयात अभ्यास? माझं दुसरं वर्ष राहिलं, मी रडत बसले का?" त्यानंतर तिने माझ्यासमोर तो विषयच काढला नाही.

तिने कुठल्याशा वेबसाइटवर आपला नंबर टाकला आणि तिचे हाल सुरू झाले. बसमध्ये तिला सारखे फोन यायचे. मला वाटायचं, कर्जवाले असतील. ते कोर्स विकणारे समुपदेशक होते. "मॅडम, शेवटच्या दोनच सीट उरल्यात." ऑनलाइन वर्गातली बाकं संपतात कशी, हे तिने एकाला विचारलंही. त्याने तिला सीनियर समुपदेशकाशी जोडून दिलं. एका कोर्सची फी ऐकून तिला वाटलं, याच्यात कॉलेजची इमारतही मिळत असावी. दुसरा अगदी स्वस्त, आयुष्यभर बघायला मोकळा, फक्त त्याची पदवी कुठे चालत नव्हती. तिसऱ्याची फी आवाक्यातली, पण तो जुनी दोन वर्षं धरायला तयार नव्हता. अखेर एक विद्यापीठ सापडलं. फी हप्त्यांनी, जुने मार्क मान्य, परीक्षा घरबसल्या. अट एकच. पेपरभर दार बंद हवं, खोलीत एकटं हवं, आणि कॅमेऱ्यात दुसरं कुणी दिसलं की पेपर रद्द.

आता ही अट लिहिणाऱ्याने करावे गाव पाहिलेलं नसणार. आमच्याकडे दिवसाढवळ्या दार लावत नाहीत. लावलं, तर आत काहीतरी विपरीत घडलंय असाच अर्थ होतो.

मे महिन्यातल्या रविवारी शेवटचा पेपर होता, 'कर्मचारी संबंध'. नवरा रूपेश पोर्टावर ड्युटीला. सासू भागीरथीकाकी बाजाराला गेलेली, पेपरचं तिलाही सांगितलेलं नव्हतं. नमिताने कडी लावली आणि पेपर सुरू केला. काकी अर्ध्या तासात परतली. बंद दार पाहिलं आणि तिने हातातली पिशवीच टाकली.

"नमे, दार उघड गो! काय झालं? बोल तरी!"

आतून आवाज नाही. बोललं तरी पेपर रद्द होतो, हे काकीला कोण सांगणार? पाच मिनिटांत पंधरा माणसं जमली. कुणी पाणी आणलं, कुणी पहार आणली.

"कालपासून गप गप होती," एकीने सांगितलं.

"सुनेला काय बोललीस का गो?" दुसरीने काकीलाच विचारलं.

आणि सगळ्यात जोरात दार कुणी बडवलं? मी. कडी निघाली ती माझ्याच धक्क्याने. समोर लॅपटॉप, पडद्यावर 'पेपर रद्द'ची लाल पट्टी, आणि त्या छोट्याशा चौकोनात नमिताच्या मागे आम्ही सगळे, पहारीसकट.

ती रडली नाही. म्हणाली, "आता आलाच आहात, तर चहा घ्या."

त्या चहाची मला आजही लाज वाटते.

विद्यापीठाने एक संधी दिली, जूनच्या पहिल्या शुक्रवारी. तोही पेपर गेला तर वर्ष गेलं, जागाही गेली, आणि चौथ्या मॅनेजरला मशीन शिकवायचं. दोन तास माणूस फिरकणार नाही अशी जागा ती शोधत होती. ती मला सुचली.

"साहेबांची केबिन," मी म्हटलं. इंद्रजित साहेब दर शुक्रवारी घरून काम करायचे. घरी बसून यार्डातली माणसं कशी सांभाळत होते, देव जाणे. पण चावी मागितली तेव्हा लगेच दिली.

शुक्रवारी अकरा ते एक नमिता केबिनमध्ये मागच्या भिंतीला पाठ लावून बसली. मी बाहेर पहाऱ्याला होते, पण माझी गरजच पडली नाही. साडेतीनशे माणसांपैकी एकानेही त्या दाराकडे पाहिलं नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात निकाल लागला. नमिता पास झाली, आणि जागाही तिलाच मिळाली. जुलैच्या पहिल्या सोमवारी ती ऐटीत केबिनमध्ये जाऊन बसली. अकरापर्यंत कुणी आलं नाही. उठून बघते तर तिच्या जुन्या रिकाम्या टेबलासमोर सात माणसं रांगेत उभी. तिने पोस्टर काढलं, आपली खुर्ची बाहेर आणली आणि पहिल्या माणसाचा रजेचा अर्ज हातात घेतला.

केबिन तेव्हापासून मोकळीच असते. शुक्रवारी तेवढं तिचं दार दोन तास बंद असतं. आत मी असते, माझ्या राहिलेल्या दुसऱ्या वर्षासकट. बाहेर आमच्या मॅनेजर बसतात आणि कुणाला दार वाजवू देत नाहीत.