सिंधूमावशीच्या डब्यातली खिरापत

सिंधूमावशी गेली ते मला बॅनरवरून कळलं. मावसभावाचा फोन यायच्या आधीच मोबाइलवर ते चित्र येऊन पडलं होतं. मावशीचा फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि तिच्या नावाहून मोठ्या अक्षरांत जाम गावाकडच्या एका साड्यांच्या शोरूमचं नाव. कोपऱ्यात श्रावणातल्या सवलतीची जाहिरात. तिकडे पवनारला माणूस अजून अंगणात होतं, तिरडी बांधायची होती... आणि यांचं बॅनर तयार. त्या सकाळी मी आधी चिडले, रडले नंतर. अजूनही तोच क्रम आहे.

पवनारच्या आमच्या गल्लीत भुलाबाई म्हणजे मावशीची भुलाबाई. भाद्रपदाच्या पुनवेला ती धाम नदीच्या काठची माती आणून भुलाबाई-भुलोजी घडवायची आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी आम्ही पोरी घरोघर गाणी म्हणत फिरायचो. गाणी झाली की खिरापत. पण ओळखल्याशिवाय ती मिळत नसे. झाकलेला डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, आत काय ते सांगायचं. बाकी घरांतली आम्ही चुटकीसरशी ओळखायचो, मावशी मात्र पक्की बेरकी. डब्यात शिरा भरायची, त्यावर पळसाचं पान आणि पानावर चार चिंचोके. फुटाणे, शेंगदाणे, लाह्या करत आम्ही दमून जायचो आणि ती तोंडाला पदर लावून हसत बसायची. “हारल्या म्हना, मंग झाकन काढू.”

मग काही वर्षांपूर्वी त्या शोरूमवाल्यांचा ‘भुलाबाई महोत्सव’ आला. मंडप, डीजे, पैठणीची सोडत. पहिल्या वर्षी मावशीला मानाची पाहुणी म्हणून नेलं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती हौसेने गेली, सोबत मी. खिरापत म्हणून पोरींच्या हातात सोनपापडीचे पुडे ठेवले, वर शोरूमचा शिक्का. मावशीने पुडा उलटापालटा करून पाहिला, कानाशी नेऊन हलवलासुद्धा. समोर माइक होता. म्हणाली, “पन याच्यात ओळखाचं काय हाय बाप्पा? वर तं लिहूनच हाय.” सगळा मंडप हसला. निवेदकाने टाळ्या मागितल्या. तिला मात्र खरंच उत्तर हवं होतं.

ती पुन्हा तिकडे गेली नाही. पोरी गेल्या. सोडत सोडून मातीच्या बाईपुढे कोण बसणार... पोरींना मी दोष देत नाही. त्यांच्या आयांना देते, ज्या लहानपणी याच डब्यासाठी माझ्याशी भांडल्या होत्या. गेल्या वर्षी मी गेले तेव्हा ओसरीवर आम्ही दोघीच. तरी डबा भरलेला होता.

“कोणी येत नाही, तर कशाला करतेस गं मावशी?”

“काऊन? तू आली ना. हलव.”

मी हलवला. आत काय ते मला ठाऊक होतं, तरी म्हटलं, “फुटाणे.” केवढी हसली ती.

यंदा त्या महोत्सवाला तिचंच नाव दिलंय. जिची ओसरी रिकामी केली, तिच्या नावाने सोडत! भुलाबाई विकून झाली, आता मावशी विकायला काढली. मागच्या आठवड्यात मी पवनारला असताना शोरूमचा माणूस दारात आला. मंचावर काचेच्या पेटीत ठेवायला त्याला मावशीचा डबा हवा होता. मावसभाऊ भिडस्त, द्यायला निघालाच होता. मी डबा ओढून घेतला, स्वयंपाकघरात नेला, सकाळचा शिरा भरला, वर पान, पानावर तिच्याच डबीतले चिंचोके. झाकण लावून बाहेर आले आणि त्या माणसासमोर हलवला.

“ओळखा. ओळखलं तर न्या.”

“मॅडम, टाइम नाई हो...” मग जरा थांबून, “फुटाने?”

“नाही.”

“शेंगदाने?”

“नाही.”

दोनदा स्वतः हलवून पाहिला त्याने. शेवटी रिकाम्या हाताने निघाला. फाटकाशी मात्र वळला. “ताई, सांगा तं... काय होतं त्यात?”

मी सांगितलं नाही. डबा आत नेला आणि मावशीच्या फळीवर, होता तिथे ठेवला.