भाग दोन आणि तोमेकिचीचे कुरळे केस

गाठीला तीन ओंजळी कोंडा असेल तरी घरजावई होऊ नये, असं आमच्या ओसाकात म्हणतात. तोमेकिचीच्या गाठीला तेवढाही नव्हता. युद्धानंतर पोटासाठी तो गेंझाबुरो नागाईच्या केशकर्तनालयात केर काढायला लागला. लोकांचे केस झाडता झाडता वस्तरा शिकला, आणि मालकाला मुलगा नव्हता म्हणून मालकाने आपल्या मुलीशी, फुसाएशी, त्याचं लग्न लावून टाकलं. आडनाव गेलं, तोमेकिची नागाई झाला. दुकान सासऱ्याचं, खुर्च्या सासऱ्याच्या, गिऱ्हाईकं सासऱ्याची. बायको सासऱ्याचीच लेक हे तर झालंच, वर ती याच्यापेक्षा चांगले केस कापायची! देवाने काय काय म्हणून द्यावं एखाद्याला?

म्हाताऱ्याने ऐंशी ओलांडली तेव्हा हात थरथरायला लागले, म्हणून त्याने वस्तरा सोडला. जीभ मात्र सोडली नाही. दाराशी स्टूल टाकून बसायचा आणि गिऱ्हाईकाच्या देखत ओरडायचा, "जावईबापू, डाव्या कानामागे राहिलंय! आंधळ्यालाही दिसेल!" गिऱ्हाईक हसायचं. तोमेकिची कानामागे पुन्हा कात्री फिरवायचा, राहिलेलं नसलं तरी.

त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, डोक्यावरचे केस. बारीक, घट्ट कुरळ्यांचा पंच पर्म, महिन्याच्या महिन्याला फुसाए गरम चिमट्याने वळवून द्यायची. भजनी लागलेला गुंड दिसायचा मेला, पण बाजारातले निम्मे ट्रकवाले ते डोकं बघूनच दुकानात शिरायचे. "याच्यासारखं करा," म्हणायचे. म्हाताऱ्याला ते पटायचं नाही. "मेंढी बसलीय माझ्या दुकानात," म्हणायचा.

मग दुकानात आला हाचिबे. ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घेतलं होतं, त्यातला हा जुन्या काळचा आगीचा बंबवाला. कौलांवरून उड्या मारत जायचा, भाताचा गोळा खाल्ला की मोठा व्हायचा. तोमेकिचीने दुकान भरलेलं असताना, सगळ्यांच्या समोर, तो खेळ शेवटपर्यंत नेला. आमच्या अख्ख्या बाजारात पहिला! त्या दिवसापासून लोक त्याला 'गुरुजी' म्हणायला लागले. मासेवाली रस्त्यातून हाक मारायची, "गुरुजी, बांगडा ताजा आहे!" पन्नाशी उलटलेला माणूस, पण लाजून लाल व्हायचा. म्हातारा फक्त म्हणाला, "माकडंही उड्या मारतात."

आणि मग भाग दोन आला. तो बनवणाऱ्यांच्या डोक्यात काय किडे होते देव जाणे. पहिला भाग संपवून मिरवणाऱ्यांची जिरवायची, एवढाच त्यांचा हेतू असावा. आता भाताचे काही गोळे नासके. खाल्ला की मेलाच. दिसायला अगदी चांगल्यासारखा, फक्त मधलं आंबट प्लम थोडं काळपट. ऐन उडीत वारा सुटायचा आणि बंबवाल्याला गल्लीत आपटायचा. मोठ्या कष्टाने दार सापडावं, आत शिरावं, तर ते थेट पहिल्या कौलावर आणून सोडणार! तोमेकिचीच्या नाकी नऊ आले. चारचौघांत हाचिबे पुनःपुन्हा आपटायला लागला तसं त्याने यंत्र उचलून मागच्या खोलीत नेलं.

एवढ्यावर गप्प बसला असता तर हा तोमेकिची कसला? बाजारसमितीच्या बैठकीत दोन बिअर पोटात गेल्यावर कॅमेऱ्याच्या दुकानवाल्या उओझुमीने डिवचलं, "काय गुरुजी, दुसऱ्या भागात शिष्य झालात म्हणे?" झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला! तोमेकिची उभा राहून गरजला, "तेंजिन उत्सवाच्या आत भाग दोन संपवला नाही, तर मुंडण करीन!"

आमच्याकडे शाळकरी पोरापासून नगरसेवकापर्यंत जो चुकतो तो डोकं भादरून माफी मागतो, त्यात नवल नाही. पण न्हाव्याने आपलं डोकं पणाला लावायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. उओझुमी टाळ्या पिटत म्हणाला, "मात्र पुरावा हवा हं! शेवटच्या चित्राचा फोटो आणायचा. तोंडी काही चालणार नाही."

घरी फुसाएने कपाळावर हात मारला. "अहो, डोकं तुमचं, पण दुकानाची पाटी आहे ती! ट्रकवाल्यांना काय दाखवू, नारळ?"

"संपवतो म्हणालो ना?"

"आत्तापर्यंत काय संपवलंत आयुष्यात? ताटातल्या भाज्या तरी?"

तोमेकिचीला ते लागलं. त्याने पहिला भाग संपवला होता. तेवढंच एक काम सासऱ्याच्या नावाशिवाय, सासऱ्याच्या वस्तऱ्याशिवाय झालेलं. आता तेही हातचं जाणार होतं.

उत्सवाच्या आधीचा सोमवार. सोमवारी न्हाव्यांची दुकानं बंद. फुसाए बहिणीकडे गेली होती. मागच्या खोलीत तोमेकिची बनियनवर खेळत होता आणि म्हातारा कलिंगडाची फोड घेऊन पंख्यासमोर बसला होता. बियांबरोबर टोमणेही थुंकत होता. "पडलास. पुन्हा पडलास. दारात शिरू नकोस रे, मागच्या वेळी तिथेच माती खाल्लीस."

दुपार कलता कलता हाचिबे शेवटच्या कौलापर्यंत पोचला. पुढे दरी अशी रुंद की नेहमीच्या उडीने पार होईना. तोमेकिचीचे हात घामाने निसटत होते. त्याला काय सुचलं कोण जाणे. त्याने हाचिबेला मागे वळवलं, दरीच्या दिशेचा वारा येईपर्यंत थांबला, उलटीकडेच उडी मारली, आणि वाऱ्याने फिरून उचललं तसा हाचिबे पलीकडे! आग विझली, घंटा वाजली, ढगावर बसलेला हाचिबे नमस्कार करायला लागला. तोमेकिची एवढ्यांदा किंचाळला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. त्याने धावत जाऊन कपाटातला नवा कॅमेरा आणला, खटकन फोटो काढला, देवाला हात जोडले आणि यंत्र बंद करून टाकलं.

टीव्हीचा फोटो काढताना पडदे लावायचे आणि फ्लॅश बंद ठेवायचा, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तोमेकिचीलाही होतं. पण नव्या कॅमेऱ्याचा फ्लॅश आपोआप उडायचा, आणि आनंदात कुणाचं डोकं ठिकाणावर असतं?

रीळ धुवायला उओझुमीकडेच दिलं होतं. उत्सवाच्या आदल्या दिवशी तो फोटो घेऊन दुकानातच आला, मागे अर्धा बाजार. फोटोत टीव्हीच्या काचेवर पांढराफेक लखलखाट, आणि त्या लखलखाटात, अगदी सुबक, तोमेकिचीचं कुरळं डोकं. हाचिबेचा पत्ता नाही.

"केसांचा शेवटचा फोटो छान आलाय," उओझुमी म्हणाला, आणि अख्खं दुकान खो खो हसलं.

"अरे, मी खरंच संपवला!" तोमेकिचीचा आवाज फुटला. "बाबा होते ना तिथे! बाबांना विचारा!"

हसू थांबलं. सगळ्यांना ठाऊक होतं की गळ्याला वस्तरा लावला तरी गेंझाबुरो जावयाबद्दल चांगलं बोलायचा नाही. म्हणजे तो 'हो' म्हणाला, तर त्याच्याइतका पक्का पुरावा नाही. उओझुमीने अदबीने विचारलं, "नागाईसान, संपवला का हो यांनी?"

म्हाताऱ्याने हातपंख्याने वारा घेतला. एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा त्या गर्दीकडे.

"मला झोप लागली होती," तो म्हणाला.

 तोमेकिचीला राग आला, रडूही आलं. तसाच जाऊन खुर्चीत बसला आणि गळ्याला कापड स्वतःच गुंडाळलं. फुसाएने केस कापायचं यंत्र उचललं, तिचेच डोळे भरले होते. तेवढ्यात म्हातारा स्टुलावरून उठला.

"आण इकडे. मी करतो."

"बाबा, तुमचे हात..."

"यंत्र आहे ते, तलवार नाही. आणि तुम्ही सगळे बाहेर व्हा! डोकं काही जत्रा नाही."

लोक फुटपाथवर जाऊन काचेला नाकं लावून उभे राहिले. आत यंत्र घरघरायला लागलं आणि कुरळ्यांची पहिली ओळ तोमेकिचीच्या मांडीवर पडली. म्हाताऱ्याचा हात खरंच थरथरत होता. अर्धं डोकं झालं तसा तो वाकला आणि कानाशी पुटपुटला, "ती शेवटची उडी. उलटी मारलीस ना, वारा येईपर्यंत थांबून?"

तोमेकिची गोठलाच. "म्हणजे तुम्ही पाहिलं?"

"पाहिलं तर. डोळे फुटलेत का माझे? मला बापजन्मात सुचलं नसतं ते."

"मग मघाशी सांगायला काय झालं होतं!"

"त्या सगळ्यांसमोर?" म्हातारा चिडून कुजबुजला. आरशात त्याचे कान लालबुंद दिसत होते. "इतकी वर्षं तुला गाढव म्हणतोय मी या बाजारात. मला काही अब्रू आहे की नाही?"

काचेबाहेर उओझुमी हात हलवून खिदळत होता. तोमेकिचीचं उजवं अर्धं डोकं अजून शाबूत होतं. एकदा उठून दार उघडलं असतं, 'बाबांनी पाहिलंय' एवढं ओरडला असता, तर ते अर्धं वाचलं असतं, आणि 'गुरुजी' हे नावही. त्याने आरशातल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि मान जरा पुढे झुकवली.

"बाबा, उजवीकडचंही घ्या ना," तो म्हणाला. "लोक थांबलेत."