शेळीची तीट

मेहुण्याच्या गोठ्यात शेळीच्या कानामागे टपोरा काळा ठिपका दिसला आणि मी कौतुकानं म्हणालो, "दत्तू, तीट छान लावलीस." बोट लावलं, तर तीट पाय हलवू लागली. रक्त पिऊन टम्म झालेला गोचीड होता तो.

शेळी तापानं फणफणली होती. करडं ढुशा देत होती, पण दूध आटलं होतं. गोचिडांमुळे रक्तात जंतू शिरलेत, असं डॉक्टर सांगून गेले होते. तरी दत्तू तिच्यावरून मीठमिरच्या ओवाळत होता. माझं डोकंच फिरलं. जी नजर कुणी कधी पाहिली नाही, तिच्यासाठी घरात मिरच्या तयार. आणि डोळ्यांदेखत रक्त पिणारा माझ्यासारख्या शहाण्याला तीट वाटतो.

दत्तूनं मिरच्या चुलीत टाकल्या. माझी बायको भावाला म्हणाली, "दृष्ट काढून झाली असेल, तर आता गोचीड काढ."