शिस्तीचा माणूस आणि थंड आई

सुनीतीला थंड म्हणणाऱ्या एकालाही मी माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही. भवानीपूरच्या आमच्या घरात खालच्या मजल्यावर ती भाड्याने राहायची, आम्ही वर. आम्ही मराठीच, पण माझा जन्म कलकत्त्यातला. ती लग्न होऊन आलेली, नागपूरच्या चारुदत्त पारखींची बायको. चारुदत्त फोर्ट विल्यममधल्या लष्करी कचेरीत मुलकी अधिकारी होते. त्यांना एकच मुलगी, कालिंदी. मी सांगतेय त्या वेळी ती सहा वर्षांची होती.

कालिंदी बोलायची नाही. हाक मारली तर वळायची नाही. संध्याकाळी गल्लीतल्या घराघरांतून शंख वाजायला लागले की कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरायची. कुणी कवेत घेतलं तर चावायची. दिवसभर वाट्या ओळीत मांडायची आणि त्यातली एक जरी कुणी हलवली तरी घर डोक्यावर घ्यायची. दृष्टी काढून झाल्या, अंगारे झाले, उपास झाले. शेवटी विलायतेहून नुकत्याच परतलेल्या एका बड्या डॉक्टरांकडे तिला नेलं.

त्या गृहस्थांनी मुलीकडे जेमतेम पाहिलं. निरखून पाहिलं ते सुनीतीकडे. घाबरली की ती गप्प बसायची, चारचौघांत रडायची नाही. एवढ्यावर निदान झालं. आईच्या मायेची ऊब मिळाली नाही, म्हणून मूल आतल्या आत मिटलं म्हणे! औषध काय, तर रोज मुलीला छातीशी घट्ट धरून बसायचं, ती कितीही ओरडली तरी सोडायचं नाही. त्यानेही गुण आला नाही तर मुलीला आईपासून लांब ठेवायचं. चारुदत्त शेजारच्या खुर्चीत बसून हे ऐकत होते. एक अक्षर बोलले नाहीत.

सुनीतीने ते औषध इमानेइतबारे केलं. रोज दुपारी खालून पोरीच्या किंकाळ्या यायच्या आणि मी भरलं ताट तसंच सारून उठायची. सुनीतीचे हात चाव्यांनी काळेनिळे झाले. कलकत्त्याच्या त्या उकाड्यात ती लांब बाह्यांचं पोलकं घालून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला यायची. तिथे आपल्याच बायका कैरीची डाळ खाता खाता कुजबुजायच्या, ‘हीच ती. लेकराला जवळ घेत नाही.’ एकीला मी तोंडावर विचारलं, "तुझी तिन्ही पोरं पगारी आयांच्या कडेवर वाढली, तुझी ऊब कुणी मोजली का गं?" त्यानंतर त्या घरी मला पन्हं मिळालं नाही. न मिळेना का!

आणि चारुदत्तांचं मात्र केवढं कौतुक! रोज ठरलेली ट्राम, ट्राममधली ठरलेली खिडकी, ती रिकामी नसली तर ट्राम सोडून द्यायची. बारा महिने एकच न्याहारी. ताटात डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. कोशिंबीर चुकून भाजीच्या बाजूला आली तर न जेवता उठायचे. कुणाच्या लग्नाला नाहीत, बारशाला नाहीत. लोक म्हणायचे, शिस्तीचा माणूस! बाप्याने केलं की शिस्त, बाईने केलं की थंडपणा आणि पोरीने केलं की वेड. हा हिशेब कुणी मांडला, त्याला मला एकदा भेटायचंय.

कालिंदीला गुण आला नाही. यायचाच नव्हता. मग नागपूरहून सुनीतीचे थोरले दीर, श्यामराव, तिला न्यायला आले. तिकडच्या कुठल्याशा संस्थेत ती राहणार, आणि आईने वर्षभर तिला भेटायचं नाही, असं भावाभावांत ठरलं होतं. सुनीतीला फक्त कळवलं होतं. त्याच दिवशीच्या मेलने निघायचं होतं.

दुपारी सुनीती आत मुलीची ट्रंक भरत होती, म्हणून पानं वाढायला मी आमच्या निताईला खाली घेऊन गेले. निताई आमचा म्हातारा बंगाली स्वयंपाकी. त्याला आपल्या ताटाची डावी-उजवी काय ठाऊक! त्यांच्यात चटणी गोड असते आणि जेवण संपताना येते. त्याने ओल्या खोबऱ्याची चटणी खुशाल उजवीकडे भाजीला खेटून वाढली आणि डावी बाजू मोकळी सोडली.

श्यामराव जेवायला लागले. चारुदत्तांचा हात ताटावरच थांबला. समोर थोरला भाऊ, त्यामुळे उठताही येईना. ते ताटाच्या कडेवर बोटाने टकटक करू लागले, एका ठेक्यात, थांबायचं नाव नाही. तेवढ्यात कालिंदी दारात आली. ताटाकडे बघून किंचाळली, धावत आली, बापाच्या ताटात बोटं घालून चटणी उचलली आणि डावीकडे ठेवली. ठेवली आणि शांत झाली. चारुदत्तांनी मोठा श्वास सोडला. त्यांचं बोटही थांबलं.

श्यामरावांनी पोरीचा दंड धरला. "जेवत्या ताटात हात! चारू, हिला माणसांत ठेवण्यात अर्थ नाही."

"दादा, सोडा तिला."

"काय म्हणालास?"

"मलाही घास उचलता येत नव्हता." चारुदत्त ताटाकडे बघतच बोलत होते. "तुम्हाला आठवत असेल. पाच वर्षांचा होईपर्यंत मी बोललो नव्हतो. वरात आली की माळ्यावर लपायचो. बाबांनी छड्या मारून मला बोलतं केलं. अजूनही लोकांशी काय बोलायचं ते मी घरून पाठ करून निघतो."

"ते वेगळं रे. तुला वळण लागलं."

"मी लपवायला शिकलो, दादा. ही माझ्यावर गेलीय. सुनीतीचा यात काही दोष नाही."

क्षणभर मला त्या माणसाची दया आली. मग दारात उभ्या असलेल्या सुनीतीकडे माझं लक्ष गेलं आणि दया कुठल्या कुठे पळाली. तिच्या हातात मुलीचे घडी केलेले फ्रॉक होते.

"हे तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"ती वाट्या मांडायला लागली तेव्हाच."

"म्हणजे डॉक्टरांकडे गेलो तेव्हा माहीत होतं."

"भीती वाटली गं. मलाच वेड्यात काढतील, कचेरीत कळेल..."

सुनीतीने फ्रॉक खाली ठेवले. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, त्या दिवशीही तो चढला नाही.

"भावोजी, तुम्ही सावकाश जेवा. कालिंदी येणार नाही," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "माझी आई गेल्या श्रावणात गेली. जाताना माझा हात धरून म्हणाली, ‘पोटच्या पोरीला तरी माया लाव गं.’ मी ‘लावीन’ म्हणाले. तुम्ही तिच्या उशाशी उभे होतात. तेव्हा तरी बोलायचं होतं."